अकरा प्रमाणपत्रं आणि वहीतला रविवार

२०२३ च्या जूनमध्ये मृग कोरडा गेला होता आणि गावात जो तो आभाळाकडे पाहत होता. त्या दिवसांत माझी एक जुनी विद्यार्थिनी निळी फाइल घेऊन घरी आली. कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवायचो, त्याला आता बरीच वर्षं झाली. २०१३ साली ती माझ्या हाताखालून बारावी झाली होती. आता वय अठ्ठावीस. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कंत्राटी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होती. लग्न झालेलं, पाच वर्षांचा मुलगा, घरी नवरा, सासू आणि चार एकर कापूस. फाइल माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "सर, मले एमबीबीएस करायचं आहे. यातलं काय काय चालते ते सांगा न."

फाइलीत अकरा प्रमाणपत्रं होती. तीन ऑनलाइन छोट्या अभ्यासक्रमांची, दोन रक्तदानाची, दोन वृक्षारोपणाची, एक योगशिक्षक प्रशिक्षणाचं, एक प्रथमोपचाराचं, एक दहा किलोमीटर धावण्याचं आणि एक सत्काराचं. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात, तारखेप्रमाणे लावलेला. हे सगळं तिनं जमवलं होतं, तेही नोकरी आणि घर सांभाळून. मला खूप वाईट वाटलं, कारण उत्तर मला ठाऊक होतं. यातला एकही कागद तिच्या प्रवेशाला लागणार नव्हता.

हे प्रकरण तिच्या परवानगीनं लिहितो आहे. नाव आणि गाव मुद्दाम दिलेलं नाही. लिहिण्याचं कारण असं की तिच्यानंतर माझ्याकडे असेच आणखी काही जण आले: परिचारिका, फार्मसी झालेले, एक ग्रामसेवक. सगळे पंचविशीच्या पुढचे, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, की अभ्यासाशिवाय आणखी काय काय करून ठेवू?

ही यादी आली कुठून

तिचा दीर अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहे. वहिनीला डॉक्टर व्हायचंय म्हटल्यावर त्यानं मनापासून माहिती काढली आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे एक तक्ता करून पाठवला. स्वयंसेवा, डॉक्टरांसोबत राहून निरीक्षण, संशोधन, नेतृत्व, छंद असे रकाने, आणि प्रत्येकात निदान दोन नोंदी हव्यात असा आग्रह.

त्याची माहिती तिथल्यापुरती खरी होती. अमेरिकेत आधी पदवी घ्यावी लागते, मग एमकॅट नावाची परीक्षा, आणि त्यानंतर एका सामाईक अर्जातून अनेक महाविद्यालयांकडे जाता येतं. त्या अर्जात कामं आणि उपक्रम नोंदवायला पंधरा जागा असतात. प्रत्येकीचं वर्णन ७०० अक्षरांत, त्यांतल्या तिघांना 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून आणखी १३२५ अक्षरं, आणि शिवाय ५३०० अक्षरांचं निवेदन. पुढे मुलाखत. म्हणजे तिथे माणूस काय करत आला आहे हे खरंच वाचलं जातं.

आपल्याकडे तसं नाही. एमबीबीएसचा प्रवेश 'नीट' या देशव्यापी प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. जीवशास्त्राचे ३६०, भौतिक आणि रसायनचे १८०-१८०. राज्यातल्या शासकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्ष भरतो, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून जातात, आणि दोन्हीकडे उपक्रमांचा रकानाच नाही. एम्सचीही वेगळी परीक्षा आता राहिली नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात नीटनंतर मुलाखत होते खरी, पण तिथली वयाची अट चोविसाच्या आतली. तिच्यासाठी ते दार आधीच बंद होतं.

तिच्या मनात आणखी एक समज घट्ट बसला होता, की सेवाग्रामला समाजकार्य बघतात. आमच्या भागात हे बरेच जण मानतात, आणि त्यालाही थोडा आधार आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या त्या महाविद्यालयाची पूर्वी स्वतःची प्रवेशपरीक्षा असे आणि तिच्यात गांधीविचारांचा पेपर असे. पण तो पेपरच होता, लेखी. कुणी किती झाडं लावली हे तेव्हाही मोजत नव्हते. आज तिथलाही प्रवेश नीटनेच होतो. आश्रमातलं शिबिर, खादी, श्रमदान, दत्तक गावात जाऊन राहणं, हे सगळं प्रवेश मिळाल्यानंतरचं.

वयाबद्दलही तिनं अर्धवट ऐकलं होतं. मध्यंतरी नीटला पंचवीस वर्षांची कमाल मर्यादा घातली गेली होती आणि तेव्हा 'आपलं संपलं' म्हणून तिनं पुस्तकं वाटून टाकली. मागास प्रवर्गाला पाच वर्षांची सूट होती, ते तिला कुणी सांगितलं नाही. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ती मर्यादाच काढून टाकली. आता फक्त किमान वय राहिलं आहे, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण. ही बातमी तिला कळली ती पुढे कितीतरी महिन्यांनी, केंद्रात आलेल्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून.

पंधरा दिवसांची वही

फाइल बाजूला ठेवून मी तिला एक साधी वही दिली. पंधरा दिवस, रोज, कोणता तास कशात गेला ते लिहायचं. काही लपवायचं नाही आणि काही सजवायचंही नाही.

वही परत आली तेव्हा हिशेब असा निघाला. नोकरी आणि जाणं-येणं मिळून आठवड्याला सुमारे पन्नास तास. स्वयंपाक, पाणी, मुलगा आणि घर मिळून तीसच्या आसपास. ज्याला ती 'उपक्रम' म्हणत होती त्यात सोळा. अभ्यास नऊ. यातही सलग दोन तास मिळाले ते पंधरवड्यात फक्त तीनदा. बाकी अभ्यास म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांमधले तुकडे.

पण वहीनं मला आणखी एक गोष्ट दाखवली, जी फाइलीत नव्हती. दोन्ही रविवारी सकाळी सात ते अकरा या वेळापुढे तिनं नुसतं 'पोडावर' असं लिहिलं होतं.

आमच्या भागात कोलाम आदिवासींच्या वस्तीला पोड म्हणतात. तिच्या केंद्राच्या हद्दीत टेकडीपलीकडे अशी दोन पोडं आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीत जी माणसं सुटली असतील, मजुरीला गेलेली, शाळेतून काढलेली, नव्यानं लग्न होऊन आलेली, त्यांना शोधायला ती तिथल्या आशाताईसोबत जायची. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी होती, पण पगार नव्हता आणि कागदही नव्हता. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, सोल्युबिलिटीची, म्हणजे विरघळण्याची, तपासणी करायची, नळी गढूळ झाली तर पक्क्या तपासणीसाठी त्या माणसाला पुढे पाठवायचं. आणि तो गेला की नाही, हे पुढच्या रविवारी जाऊन पाहायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. चार वर्षं ती हे करत होती.

मी विचारलं, "हे फाइलीत का नाही?"

"त्याचं सर्टिफिकेट कुठं आहे सर?"

आणि नोकरी? सात वर्षं रोज रक्त, थुंकी, लघवी तपासणारी बाई ती. तीही तक्त्यात कुठे नव्हती. मी तिच्या दिराला फोन लावला. माणूस समजूतदार. त्यानं तिथल्या अर्जाच्या सूचना पुन्हा वाचून पाहिल्या आणि स्वतःच सांगितलं, की पगारी वैद्यकीय काम हा तिकडच्या अर्जातही वेगळा, मान्य प्रकार आहे. तक्ता करताना त्याच्या डोक्यात कॉलेजातली वीस वर्षांची मुलं होती. म्हणजे वहिनी उद्या तिकडच्या वाटेनं गेली असती तरी पहिली नोंद प्रयोगशाळेची आणि दुसरी पोडाची झाली असती. धावण्याचं प्रमाणपत्र कदाचित पंधराव्या जागी आलं असतं, कदाचित आलंही नसतं.

वय वाढलेल्या विद्यार्थ्यांचं इथेच चुकतं, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. अठरा वर्षांच्या मुलाला जे मुद्दाम करावं लागतं, ते यांचं जगताना आधीच होऊन गेलेलं असतं. पण ते रोजचं असतं म्हणून ते त्याला काही मानतच नाहीत, आणि नवं काहीतरी जमवायला धावतात.

माझी पहिली योजना आणि तिच्यातली चूक

मी कडक योजना केली. सोळाच्या सोळा तास सोडवायचे. ऑनलाइन अभ्यासक्रम त्याच दिवशी बंद. शनिवारचा योगवर्ग तिनं शेजारच्या मुलीला दिला. शाळेतली व्याख्यानं थांबली. बचत गटाचं सचिवपद सोडायला मात्र दोन महिने लागले. हिशेबाची पुस्तकं घ्यायला कुणी तयार होईना, आणि आठ वर्षांपासूनच्या मैत्रिणी रुसल्या. एकीनं तोंडावर म्हटलं, "डाक्टरीन व्हायच्या आधीच आमाले विसरली." ती रडत घरी आली होती. तिनं सभासदत्व ठेवलं आणि सचिवपद सोडलं. हा निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं, पण फुकट नव्हता.

आणि मी रविवारही काढायला लावला. म्हणालो, प्रवेश मिळाल्यावर आयुष्यभर पोडावर जा. आत्ता ते चार तास सलग आहेत, घरात त्या वेळी कुणी हाक मारत नाही, ते भौतिकशास्त्राला दे.

कागदावर हे अगदी चोख दिसत होतं. अभ्यास नऊवरून तेवीस तासांवर गेला. जूनमध्ये सराव परीक्षेत ७२० पैकी २१४ आले होते. सप्टेंबरअखेर आले २३१. तीन महिने, दुपटीहून जास्त वेळ, आणि सतरा गुण.

ती पुस्तकं परत द्यायला आली. म्हणाली, "सर, हे कशासाठी करून राहिली, तेच समजून नाही राहिलं."

मी तिला बसवलं आणि सरावपत्रिका उघडली. एक प्रश्न हिमोग्लोबिनवर होता: सिकलसेलमध्ये बीटा साखळीच्या सहाव्या जागी कोणत्या आम्लाच्या ऐवजी कोणतं येतं. तिनं चुकीचा पर्याय निवडला होता. चार वर्षं जिच्या हातात त्या गढूळ नळ्या होत्या, तिचा हा प्रश्न चुकला. चूक तिच्या बुद्धीची नव्हती. पुस्तकातला सिकलसेल आणि पोडावरचा सिकलसेल एकच आहे, हे तिला कुणी जोडून दाखवलंच नव्हतं, आणि मी तर जोडण्याची जागाच काढून घेतली होती. घरात ती सून होती, केंद्रात 'लॅबवाल्या मॅडम', माझ्याकडे मागे पडलेली विद्यार्थिनी. रविवारी पोडावर मात्र लोक तिची वाट पाहायचे. आपण डॉक्टर का व्हावं याचं उत्तर तिला तिथे दर आठवड्याला मिळत होतं, आणि मी ते चार तासांच्या हिशेबात खोडलं होतं.

दुसरी योजना

ऑक्टोबर २०२३ पासून महिन्यातले दोन रविवार परत आले, प्रत्येकी तीन तास. उरलेले दोन सराव परीक्षेसाठी. बाकी सोडलेलं काहीही परत घेतलं नाही. आणि एक नियम ठरला: पोडावरून येताना एक प्रश्न घेऊन यायचा आणि त्याचं उत्तर त्याच रात्री पाठ्यपुस्तकात शोधायचं.

पहिला प्रश्न तिनं आणला तो असा, की नळी गढूळ का होते? उत्तर शोधायला दोन रात्री गेल्या. सॅपोनिननं तांबड्या पेशी फुटतात, डायथायोनाइट प्राणवायू काढून घेतं, आणि प्राणवायू नसताना सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, त्याचे धागे होतात, म्हणून नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसेनाशा होतात. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं, एवढ्यानं हे सगळं घडतं. त्यानंतर हा धडा मला तिला शिकवावा लागला नाही. तिनंच मला शिकवला.

दुसरा प्रसंग जास्त मोलाचा होता. एका घरात नवरा-बायको दोघंही वाहक, म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेले, निघाले होते आणि पहिलं मूल आजारी होतं. नवऱ्याचं म्हणणं असं, की चारात एक आजारी होतं असं मॅडमनीच सांगितलं, ते एक होऊन गेलं, आता पुढची तिन्ही चांगली. अशी समजूत किती घरांत असेल, देव जाणे. तिनं त्याच्या अंगणात तुरीचे आणि ज्वारीचे दाणे घेतले. दोन वाट्या, प्रत्येकीत एक तूर आणि एक ज्वारी. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलायचा. दोन्ही ज्वारी आली तर मूल आजारी. दाणे परत टाकायचे आणि पुन्हा उचलायचे. त्याच्याकडूनच तिनं वीस वेळा करवून घेतलं. एकदा ज्वारी-ज्वारी आली म्हणून पुढच्या वेळी येणार नाही असं काही नाही, हे त्याला स्वतःच्या हातानं कळलं. प्रत्येक खेपेला धोका चारात एक, तेवढाच.

त्याच रात्री तिनं आनुवंशिकतेचे चाळीस प्रश्न सोडवले. दोन चुकले.

पोडावर सोयरिकीचा विषयही निघायचा. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला औषध लागत नाही, आणि म्हणूनच तो कुणाला सांगत नाही. लग्नाआधी दोन्ही घरांनी तपासून घ्यावं, एवढं पटवायला तिला एकेका घरी तीन-चार खेपा लागायच्या. हे नीटच्या कोणत्याच प्रश्नात नाही. पण माणसाशी न ओरडता, न घाबरवता कसं बोलावं याचं जे शिक्षण तिला मिळालं, ते मी शंभर तासांत दिलं नसतं.

रविवारबाहेरही ही सवय लागली. आमच्याकडे कपाशीवर फवारणीचे दिवस आले की केंद्रात विषबाधेचे रुग्ण येतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं जे बळी गेले ते इथं कुणी विसरलेलं नाही. लाळ गळणारा, बाहुल्या बारीक झालेला माणूस आणि त्याला दिलं जाणारं अॅट्रोपिन तिनं अनेकदा पाहिलं होतं. आता ती घरी येऊन चेतातंतूंचा धडा काढायची: अॅसिटिलकोलीन मोडणारं विकर कीटकनाशकानं अडवलं की काय होईल, ते सगळं तिनं त्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं असायचं.

भौतिकशास्त्राला यातलं काहीच उपयोगी पडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तिथे दहा वर्षांचा गंज होता. तो पहाटे साडेचारला उठून, अकरावीच्या सदिशांपासून सुरुवात करूनच गेला. सासूनं सकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला. "थे पुस्तक घेऊन बसते तं बसू द्या, भाकरी मी थापतो," असं तिनं मुलाला सुनावल्याचं मला शेजाऱ्यांकडून कळलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा 'उपक्रम' तोच.

कागदपत्रांचा उपक्रम

ज्या कागदांची खरोखर गरज होती, ते मात्र निळ्या फाइलीत नव्हते. वय वाढलेल्या उमेदवारानं प्रमाणपत्रं जमवायचीच असतील तर ही जमवावीत. जात प्रमाणपत्र आणि त्याची वैधता. नॉन-क्रिमीलेअर. अधिवास. शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला.

लग्न झालेल्या बाईनं इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. जात आणि क्रिमीलेअर हे दोन्ही माहेरच्या, आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरतं, नवऱ्याच्या नाही. तिच्या घरी सगळे सासरचे सात-बारा गोळा करत बसले होते. माहेरची जुनी कागदपत्रं शोधायला तिला तीनदा भावाकडे जावं लागलं. आजोबांच्या शाळेचा दाखला मिळवण्यातच एक महिना गेला. जात वैधतेला किती वेळ लागेल हे कुणाच्या हातात नसतं. त्यामुळे हे काम मी तिला परीक्षेच्या आदल्या वर्षीच्या डिसेंबरात करायला लावलं, आणि ते केलं म्हणून पुढे धावपळ झाली नाही.

बारावीला जीवशास्त्र नसलेले काही जणही येतात. त्यांच्यासाठी सांगतो, नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बारावीनंतर जादा विषय म्हणून केलेलं जीवशास्त्र ग्राह्य धरलं आहे. तिला याची गरज पडली नाही, पण आमच्या ग्रामसेवकाला पडली.

दोन मे महिने

५ मे २०२४ ला तिनं पहिली परीक्षा दिली. ऊन असं, की केंद्राबाहेर पालक लिंबाखाली ओली उपरणी डोक्यावर घेऊन बसले होते. ५३८ गुण आले. अकरा महिन्यांपूर्वीच्या २१४ वरून ५३८! पण त्या वर्षी देशभर गुण इतके वर गेले होते की शासकीय जागा दूरच राहिली. तिला आयुर्वेदाला जाता आलं असतं. ती जागा घ्यायची की नाही यावर घरात आठवडाभर बोलणं झालं. मी माझं मत दिलं नाही. तिनं नकार दिला.

दुसऱ्या वर्षी योजनेत एकच बदल केला. फेब्रुवारी ते एप्रिल पोडाचे रविवार महिन्याला एकावर आणले, तेही तिनंच ठरवलं. आशाताईला तिनं आधी जाऊन सांगितलं आणि रजिस्टर नीट समजावून दिलं. मागच्या वेळी माझ्या सांगण्यावरून ती नुसती जायची थांबली होती, तेव्हा आशाताईला काहीच कळवलं नव्हतं. पक्क्या तपासणीला पाठवायची दोन माणसं त्या तीन महिन्यांत सुटली होती. ही गोष्ट तिनं मला बऱ्याच उशिरा सांगितली, आणि ती मला आजही लागते. उपक्रम सोडायला हरकत नाही. पण जिथं माणसं आपल्यावर विसंबून आहेत तिथून निघताना काम दुसऱ्याच्या हातात देऊनच निघायला हवं, हे मी त्या पहिल्या योजनेत लिहायला हवं होतं.

४ मे २०२५. भौतिकशास्त्राचा भाग अतिशय कठीण आला होता. मुलं रडत बाहेर येत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "सर, बायोचं झालं, बाकीचं पाहू." ५११ गुण आले. आधीच्या वर्षीपेक्षा सत्तावीस कमी. सासूला वाटलं, सून मागं गेली. पण पत्रिका सगळ्यांनाच कठीण गेली होती, त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ होते, आणि तिचा क्रमांक कितीतरी वर आला होता. राज्याच्या तिसऱ्या फेरीत तिला विदर्भातल्याच एका शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. वय तीस.

प्रवेशाच्या टेबलावर तिनं निळी फाइल नेलीच होती, सवयीनं. बाबूंनी लागणारे कागद मागितले, तिनं दुसऱ्या फाइलीतून काढून दिले. निळी उघडावी लागली नाही.

मुलगा आजीजवळ आहे. पंधरा दिवसांनी ती घरी येते. शासकीय महाविद्यालयातून शिकलं की एक वर्ष सेवेचं बंधपत्र असतं. बरोबरची मुलं आतापासून त्यातून सुटायला किती दंड भरावा लागतो ते विचारतात. तिनं विचारलं, ते वर्ष आपल्याच केंद्रात मागता येईल का.

पहिल्याच वर्षी हल्ली विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबं दत्तक म्हणून दिली जातात. त्यांच्या घरी जाऊन आरोग्याची माहिती ठेवायची असते. तिच्या तुकडीतली मुलं पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेर वह्या धरून उभी राहिली. कुठून सुरुवात करावी ते कुणाला सुचेना. ती आत गेली, चुलीजवळ बसली आणि म्हातारीला विचारलं, "माय, घरात कोणाची सिकलसेलची तपासणी झाली का?" म्हातारीनं पेटीतून नातवाचं कार्ड काढलं. फोनवर हे सांगताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "सर, आमच्या पोडावर या रविवारी कोण गेलं असन?"

आशाताई गेली होती, एकटीच. संध्याकाळी तिनं रजिस्टरच्या पानाचा फोटो आम्हा दोघांना पाठवला. एका नावापुढे जुनी पेन्सिलची खूण होती, तिच्याच अक्षरात: पुन्हा जायचं. त्याच्यापुढे आशाताईनं निळ्या पेनानं त्या दिवसाची तारीख घातली होती.